आस्मान्याचा डावा हात

सोजराबाईच्या नातीला, जिवनला, पाहायला डोंगरकडा गावचे पाहुणे आले आणि तिनं चहाची पहिली कपबशी होऊ घातलेल्या सासऱ्यापुढं धरली, ती डाव्या हातानं.

पोरीच्या बापानं, म्हणजे सोजराबाईच्या लेकानं, कोंडीबानं, डोळेच मिटून घेतले. पाहुणे किशनराव हात पुढं करावा की मागं घ्यावा अशा पेचात अडकले. त्यांची बायको पद्माबाई पदराआडून पोरीच्या हाताकडं पाहत राहिल्या. नवरदेव जळबा तेवढा कपबशीकडं न पाहता कपबशी धरणारीकडं पाहत होता; पण तो आल्यापासूनच कामातून गेला होता, त्याचं काय धरायचं.

"पोरगी डावरी हाय व्हय?" किशनरावांनी शेवटी विचारलं.

"न्हाई न्हाई," कोंडीबा घाईनं म्हणाला, "ते आपलं गडबडीत…"

"गडबड कशाची आलीय?" सोजराबाईनं लेकाला मधेच तोडलं. "डावरीच हाय. माझ्यावर गेली. घ्या चहा, निवून राहिला."

सोजराबाईचं हे असं होतं. सिद्धेश्वरच्या धरणाकाठच्या त्या गावात तिच्यापुढं बोलायची सरपंचाचीही छाती नव्हती. ती स्वतः जन्माची डावरी. नवी सून होती तेव्हा सासूनं तिचा डावा हात सुंभानं कमरेला बांधून तिला भाकरी थापायला लावल्या होत्या. भाकरी वाढणं, दिवा लावणं, कुंकू देणं ही कामं ती उजव्या हातानं शिकली. पण शेतात गेली की हात तिचा होता. बाजारातला विळा उजव्यांसाठी दात पाडलेला, म्हणून लोहाराला पुढ्यात बसवून तिनं उलट्या दातांचा विळा करून घेतला आणि ज्वारीच्या काढणीत चांगल्या चांगल्या गड्यांना मागं टाकलं. आणि जन्मात "माझं चुकलं" हे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते. सासूपुढं निघाले नव्हते, नवऱ्यापुढं निघाले नव्हते. नवरा बिचारा वाट पाहून पाहून देवाघरी गेला.

"तसं न्हाई बाई," किशनराव कपबशी हातात घेऊन म्हणाले. "पण डाव्या हातानं वाढणं, देवाला निवद दाखवणं… चार लोक काय म्हनतील?"

"चार लोकांनी आस्मान्याला काय म्हनलं?" सोजराबाईनं विचारलं. "तो बी डावराच हाय की!"

एरवी त्या घरात हा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. आस्मान्याचं नाव निघालं की वाद मिटायचा. त्याला कारण तीन वर्षांमागची औंढ्याची जत्रा.

त्या सालच्या शिवरात्रीला नागनाथाच्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता आणि त्यात लागला होता 'आसमानी पहलवान', म्हणजे गावाच्या तोंडचा आस्मान्या. तंबूत मधोमध पांढरा पडदा. मशीनच्या अंगाला बाप्ये बसायचे, पडद्याच्या पल्याडच्या अंगाला बाया. कापड पातळ, चित्र आरपार दिसायचं, त्यामुळं कुणाचंच काही अडत नव्हतं. सोजराबाई दर्शनाला म्हणून गेली होती, सुनेनं ओढून तंबूत नेली. सुरुवातीला पडद्यावर पाटी आली. सोजराबाईचा मामा मास्तर होता, त्याच्या गावी ती दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचायची. पण त्या पाटीवरचं एक अक्षर तिला लागलं तर शपथ. सगळं उजवीकडून डावीकडं पळत होतं.

"उर्दू हाय," तिनं सुनेला सांगून टाकलं. "निजामाच्या टायमाचं मशीन असंल."

आणि मग तो आला. डोंगराच्या टोकावर उभा, खांद्यावर उपरणं फडफडतंय, मनगटात विजेचं कडं. त्यानं हात वर केला आणि आभाळ त्या हातात उतरलं. सोजराबाई जागेवरून अर्धी उठली. कारण तो हात डावा होता. डाव्या हातानं त्यानं पूर थोपवला. डाव्या हातानं पडता बुरूज झेलला आणि खालून लेकरं बाहेर काढली. कुणी त्याला म्हणालं नाही की बाबा, उजवा वापर. राजानं त्याच डाव्या हाताला हार घातला. साठी जवळ आलेली सोजराबाई, जिनं नवरा गेला तेव्हाही चारचौघांत डोळ्याला पदर लावला नव्हता, ती त्या अंधारात मुसमुसून रडली.

शेवटी राक्षसराजाला मिठीत घेऊन आस्मान्या उकळत्या तळ्यात उतरला. पाणी मिटलं. पाण्यावर राहिली ती फक्त त्याची मूठ, कड्यासकट, वर आलेली. मग पुन्हा ती उर्दूतली पाटी आणि दिवे लागले. बाप्यांच्या अंगाकडून कळलं, की बाकीचं दुसऱ्या भागात.

त्या रात्री घरी येऊन सोजराबाईनं पहिलं काम काय केलं असेल, तर जिवनच्या डाव्या हाताला बांधलेलं फडकं सोडलं. ते बांधलं तिनंच होतं. सासूनं शिकवलेलं तेवढं एकच तिनं पुढं चालवलं होतं. "त्याचा कुणी बांधत न्हाई," ती म्हणाली, "मग हिचा काहून बांधायचा?"

आता हे सगळं पाहुण्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण आस्मान्याचं नाव ऐकताच किशनरावांनी कपबशी खाली ठेवली, आणि ती अशी ठेवली की अर्धा चहा बशीत आला.

"कोण डावरा? आस्मान्या?"

"व्हय."

"बाई, वडीलधाऱ्या हायसा म्हनून गप बसलो असतो. पण आस्मान्याबद्दल न्हाई. त्या जत्रेत मी रोज जाऊन बसलो व्हतो. बैल विकायला गेलतो, बैल इसरलो. आस्मान्या उजवा! हा असा हात वर करतो!" आणि किशनरावांनी उठून, धोतर सावरत, उजवी मूठ आढ्याला लावली.

"डावी मूठ," सोजराबाई म्हणाली.

"उजवी!"

"अवो," इतका वेळ गप्प असलेल्या पद्माबाई हळूच म्हणाल्या, "डावीच की."

किशनराव मूठ आढ्याला तशीच ठेवून बायकोकडं वळले. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि ही बाई भरल्या ओसरीत, परक्या घरी, त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होती.

"तू कवा पाहिला?"

"तुमच्यासंगंच आलते की. पल्याड बसले व्हते."

"मग डोळे मिटून बसली असशील! कोंडीबा, तुमी सांगा. तुमी व्हते का?"

कोंडीबानं आधी आईकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं पाहिलं. पोरीचं लग्न एकीकडं आणि आयुष्यभराची भाकरी दुसरीकडं. पण माणूस सरळ होता. "माय," तो म्हणाला, "तू रागावशील म्हनून तीन वर्षं बोललो न्हाई. उजवाच हाय."

मग काही विचारू नका. आतून सून बाहेर आली आणि म्हणाली, डावा. कोंडीबाचा चुलत भाऊ दारातून म्हणाला, उजवा. शेजारची केशरबाई भिंतीपलीकडून ओरडली, "डावा गं डावा, मी पाहिला!" तिच्या नवऱ्यानं तिला तिथंच गप्प केलं. दिवस मावळेपर्यंत गावात दोन तट पडले. सगळ्या बाया डाव्या बाजूला, सगळे बाप्ये उजव्या. बाप्ये म्हणत, बाया एकमेकींची री ओढतात. बाया म्हणत, बाप्यांना उजवं सोडून दुसरं काही दिसतं कधी?

"हे पाहा बाई," उठता उठता किशनराव म्हणाले, "औंढ्याला ह्या शिवरात्रीला दुसरा भाग येऊन राहिला. तवा व्हऊन जाऊ द्या. आस्मान्या डावरा निघाला, तर पोरगी जशी हाय तशी नेतो. तिच्या हाताबद्दल आमच्या घरात कुणी ब्र काढणार न्हाई. अन् उजवा निघाला तर?"

सोजराबाईनं मान ताठ केली. "तर मी चारचौघांत म्हनते, माझं चुकलं."

कोंडीबाच्या हातातला तांब्या खाली पडला.

"अन् पोरीचा हात बांधून उजव्याची सवय लावायची," किशनराव म्हणाले. "मग लग्न."

जिवन उंबऱ्यात उभी होती. तिनं डावा हात पदराखाली घेतला. सोजराबाईला ते दिसलं, आणि तेवढं पाहून ती म्हणाली, "कबूल."

शिवरात्रीला अजून वेळ होता आणि तो वेळ सोजराबाईला फार जड गेला. जिवनसाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली होती, मधोमध पोपट काढला होता. होणार की न होणार अशा लग्नाची वाकळ शिवायची म्हणजे सुईलाही नेट येत नाही. तिच्या हाती टाके पडत आणि कानावर एकेक बातमी येई.

बातम्या आणायचा वसराम, हिंगोलीच्या एस.टी.चा कंडक्टर. गाडी पाण्यासाठी थांबली की तो वडाखाली उतरायचा आणि गावाला घोर लावून निघून जायचा.

"मावशी, ऐकलं का? जुना आस्मान्या घोड्यावरून पडला म्हणे. दुसऱ्या भागात नवीन माणूस घेतला."

"घोड्यावरून पडायला तो काय तुझ्यासारखा हाय?" सोजराबाई म्हणाली. पण त्या रात्री तिला घास गेला नाही. नवा माणूस घेतला आणि तो मेला उजवा निघाला तर?

पुढच्या बाजाराला वसरामनं सांगितलं, आस्मान्या या भागात लग्न करतो. यावर बायांमध्ये दोन दिवस सुतक पाळल्यासारखं झालं. केशरबाई म्हणाली, "लग्न केलं की उडणं संपलं. माझे मालक बी लग्नाआधी कुस्ती खेळायचे." मग बातमी आली, की आता तो उडतच नाही, नुसती गाणी म्हणतो. मग आली, की या वेळचा सिनेमा रंगीत आहे. ही तर फारच वाईट. पहिला भाग होता काळापांढरा, त्यामुळं तोवर ज्यानं त्यानं आस्मान्याच्या उपरण्याला आपापला रंग देऊन ठेवला होता. सोजराबाईच्या मनात ते हळदीच्या रंगाचं होतं, केशरबाईच्या मनात हिरवं, आणि कोंडीबानं तर भगवं धरून तीन वर्षं काढली होती. आता कुणाचा तरी रंग उतरणार.

"माय, दुसरा भाग म्हंजी दुसऱ्या पाण्याचा चहा," कोंडीबा एकदा म्हणाला. "पहिल्याची चव येत न्हाई. आस नको लावू."

"मग तू पिऊ नको. मी पीन."

पण मनातून तीही घाबरली होती. धुणं घेऊन धरणावर जायची आणि दगडावर धुणं तसंच ठेवून पाण्याकडं पाहत राहायची. सिद्धेश्वरचं पाणी पार टेकड्यांना टेकलेलं, वर एक बगळा, बाकी काही नाही. सिनेमातलं तळं सिनेमात असतं हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तीन वर्षं एक माणूस पाण्याखाली मूठ वर करून उभा आहे आणि त्या मुठीवर आपल्या नातीचा हात टांगलेला आहे, हे मनातून जात नव्हतं. "बाबा," ती पाण्याला म्हणायची, "कसा बी ये. लग्न करून ये, गाणी म्हनत ये. पण हात तोच वर कर."

शिवरात्रीला गावातून बैलगाड्या निघाल्या. नागनाथाच्या दर्शनाची रांग लांबलचक होती. सोजराबाईनं बाहेरूनच हात जोडले. "तुला समदं दिसतंच. मी जरा तंबूत जाऊन येते." तंबूच्या दारात डोंगरकड्याची मंडळी उभीच होती. तंबूचा मालक रतनसिंग कर्ण्यातून ओरडत होता, "आ गया, आ गया, पानी फाड के आ गया! जनाना उधर, मर्दाना इधर!"

"चला," किशनराव म्हणाले. "सुटल्यावर भेटू. तुमी तिकडून पाहा, आमी हिकडून पाहतो."

"डोळे उघडे ठेवा म्हंजी झालं."

दिवे गेले. मशीन खरखरलं. बायांच्या अंगाला चिमण्यांसारखा चाललेला कालवा एकाएकी थांबला. पडद्यावर उर्दू पाटी आली आणि गेली. मग ते तळं. पाणी स्थिर. सोजराबाईनं एका हातात सुनेचं मनगट धरलं, दुसऱ्यात जिवनचं.

पाण्यावर एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग सगळं तळं ढवळून निघालं आणि पाण्याचा खांब आभाळाला भिडला, आणि त्या खांबाच्या टोकावर मूठ, मुठीखाली कडं, कड्याखाली तो. तेच नाक, तेच डोळे. माणूस बदलला नव्हता. फक्त अंगानं चांगलाच सुटला होता, पोट पट्ट्यावर आलं होतं.

"लई जाडा झाला गं," केशरबाई कुजबुजली.

"तीन वर्षं पाण्यात व्हता," सोजराबाई म्हणाली. "फुगणारच."

आणि मूठ डावी होती. अगदी डावी. बायांच्या अंगाकडून एकच आरोळी उठली, "डावा!" सोजराबाईनं डोळे मिटले, नागनाथाला मनातल्या मनात नारळ कबूल केला, आणि तेवढ्यात पडद्याच्या पल्याडून तेवढीच मोठी आरोळी आली, "उजवा!"

सोजराबाईनं डोळे उघडले. एवढा ढळढळीत हात, पडदाभर, आणि मेले तोंडावर खोटं बोलत होते! दीडदोनशे बाप्ये, मिशा असलेले, आणि त्यात तिचा पोटचा लेक.

"कुटं चालल्या, माय?" सून म्हणाली.

"खोटारड्यांना रंगेहात धरायला."

पडद्याच्या कडेला बांबूचा खांब होता आणि खांबाला सुतळी बांधून जनाना-मर्दाना वेगळा केला होता. सोजराबाई लुगड्याचा काष्टा आवळून सुतळीखालून वाकली. त्याच वेळी अंधारात कुणीतरी फेटेवाला पल्याडून सुतळीखालून वाकून बायांच्या अंगाला गेला. तिनं लक्ष दिलं नाही. ती बाप्यांच्या अंगाला पोचली, सरळ झाली, कमरेवर हात ठेवले आणि वर पाहिलं.

आस्मान्या एका हातानं हत्ती उचलत होता. उजव्या हातानं.

तिनं डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. उजवा. हत्ती खाली ठेवला, राक्षसाच्या कानाखाली वाजवली, उजव्यानं. पुढंच कोंडीबा मांडी घालून बसला होता, तोंड उघडं टाकून. तिनं त्याच्या डोक्यावर टिचकी मारली.

"किती येळचा उजव्यानं करून राहिला हा?"

"पहिल्यापासून, माय," कोंडीबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. मग दचकून मागं वळला. "माय? तू हितं?"

पण सोजराबाई तिथं नव्हतीच. ती परत खांबापाशी गेली होती. इकडून डोकावली, उजवा. तिकडून डोकावली, डावा. आणि खांबाला अगदी चिकटून, पडद्याच्या कडेवर उभी राहिली, तर आस्मान्याच नाही. नुसती कापडाची एक रेघ, आणि त्या रेघेवर उजेड थरथरतोय. एवढा मोठा वीर, आणि जाडी म्हणाल तर लुगड्याच्या पदराएवढी. त्या पदरावर तो पूर थोपवत होता, बुरूज झेलत होता, दोन्ही अंगांची माणसं एकाच वेळी श्वास रोखत होती. सोजराबाईच्या अंगावर काटा आला. नागनाथाच्या गाभाऱ्यात खाली उतरल्यावर येतो तसा.

आणि मग तिला वाकळीवरचा पोपट आठवला. वरून पाहिला तर चोच उजवीकडं; वाकळ उलटून पाहिली तर तेच टाके, तोच पोपट, चोच डावीकडं.

"अगं बाई," ती स्वतःशी म्हणाली.

आता प्रश्न राहिला एकच. वाकळीची सुलट बाजू कोणती? तिला वाटलं, कशावरून आमचीच सुलट नसेल? म्हणून ती पुन्हा बाप्यांच्या अंगाला आली, आणि नेमकी त्याच घटकेला चित्र थांबून पडद्यावर पाटी आली. सोजराबाईनं अक्षराला अक्षर लावलं. म. मग ध्यं. मग त. मग र. मध्यंतर. उर्दू नव्हतं, निजाम नव्हता. मामानं शिकवलेली तीच अक्षरं, मुकाट सरळ चालीनं चाललेली. तीन वर्षं तिनं आस्मान्याला पाठीमागून पाहिलं होतं.

दिवे लागले.

दीडदोनशे बाप्यांच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून, सोजराबाई उभी होती. आणि सुतळीच्या पल्याड बायांमधून किंचाळ्या उठल्या, कारण तिथं मधोमध, फेटा तिरपा झालेला, तोंडाचा आ वासलेला, डोंगरकड्याचे किशनराव उभे होते.

"अरे, ये क्या है!" रतनसिंग धावत आला. "माँजी, आप इधर? पाटील, आप उधर? तमाशा है क्या?"

"तमाशाच हाय," सोजराबाई म्हणाली. "गप बस." रतनसिंग गप्प बसला, का बसला, ते त्यालाही कळलं नाही.

दोघं खांबापाशी समोरासमोर आले. किशनरावांचा चेहरा देव पाहून आल्यासारखा झाला होता.

"बाई," ते म्हणाले, "डावराच हाय हो. म्या माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"न्हाई, पाव्हणं," सोजराबाई म्हणाली. "उजवा हाय."

"मी सांगून राहिलो ना, डावरा!"

"अन् मी काय आंधळी हाय? उजवा!"

"तुमच्याच अंगाकडून पाहिला, बाई! हत्ती डाव्यानं उचलला!"

"उजव्यानं उचलला! माझ्या लेकाला इचारा!"

मागून पद्माबाई येऊन उभ्या राहिल्या. "आता काहून भांडून राहिलेत? दोघं बी दुसऱ्याचंच म्हननं म्हनता ना?"

तेवढ्यात पुन्हा दिवे गेले आणि मशीन खरखरलं. कुणी म्हणालं, खाली बसा. बसायला जागा होती कुठं. दोघं खांबापाशीच, सुतळीच्या दोन बाजूंना, उभे राहिले. सोजराबाई बाप्यांच्या अंगाला आणि किशनराव बायांच्या.

सोजराबाईला गप्प बसता आलं असतं. पाहुणा हरलो म्हणत होता. पदरात आयतं पडत होतं. पण उसनं मोठेपण तिला कधी पचलं नव्हतं. शब्द दिला होता, चारचौघांत म्हणेन. इथं तर पाचशे माणसं होती. पडद्यावर आस्मान्या डोंगरावर चढत होता, मनगटातलं कडं लखलखत होतं. तिनं खांबाला धरलं, मान ताठ केली, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "माझं चुकलं. आमची बाजू उलटी व्हती."

नेमका त्याच क्षणी आस्मान्यानं मूठ वर केली आणि आभाळ कडाडलं. तंबूचं कापड थरथरलं, लेकरं रडायला लागली, बाप्यांनी शिट्ट्या घातल्या. त्या गडगडाटात ते दोन शब्द कुठं गेले, ते नागनाथालाच ठाऊक. पण ती म्हणाली होती. कुणी ऐकलं नाही हा काही तिचा दोष नव्हता.

"काय म्हनता?" किशनराव ओरडले.

"म्हनलं, तारीख काढा!"

किशनराव सुतळीवरून पुढं झुकले. पडद्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांत हालत होता. "विहीणबाई," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला, "मला आता कळलं. तो बाप्यांना उजवा दिसतो अन् बायांना डावरा. ज्याला जसा पाहिजे तसा. म्हनून तर आस्मान्या!"

वाकळीचा पोपट सोजराबाईच्या अगदी ओठांवर आला होता. पण किशनरावांचा तो चेहरा पाहिला आणि तिनं तो गिळला. एवढा मोठा झालेला माणूस पुन्हा लहान कशाला करायचा?

शेवटचं रीळ रंगीत निघालं. उपरणं हळदीचं नव्हतं, हिरवं नव्हतं, भगवंही नव्हतं. फिकट गुलाबी होतं. दोन्ही अंगांना सुस्कारा उठला. "पाण्यात रंग गेला," सोजराबाईनं सांगून टाकलं, आणि ते सगळ्यांना पटलं.

लग्न चैत्रात झालं. डोंगरकड्याच्या मांडवात व्याह्यांची पंगत बसली, मधोमध किशनराव. जिवन जळबाच्या शेजारी बसली होती. तिनं त्याला पहिला घास भरवला तो डाव्या हातानं, आणि जळबानं तो असा खाल्ला की जगात दुसरा हातच नसावा. जुन्या खोडांपैकी दोघातिघांनी भुवया उंचावल्या. किशनरावांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की भुवया पुन्हा जागेवर गेल्या.

मग बुंदीची परात घेऊन सोजराबाई स्वतः वाढायला आली. साठ वर्षांत पंगतीत तिनं कधी डाव्या हातानं वाढलं नव्हतं. त्या दिवशी तिनं परात उजव्या काखेत घेतली, डाव्या हातानं बुंदीची मूठ भरली आणि व्याह्यांच्या पत्रावळीवर धरली.

शेजारचा म्हातारा पाव्हणा चटका बसल्यासारखा मागं सरकला. "अवो बाई, हात कोणता तो?"

सोजराबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती किशनरावांच्या बरोबर समोर उभी होती आणि तिची भरली मूठ त्यांच्या उजव्या खांद्यासमोर आली होती.

"तुमच्या बाजूनं पाहा, व्याही," ती म्हणाली. "उजव्या अंगालाच हाय. जेवा."